विदर्भाचे पॅकेज आणि केंद्राच्या मदतीचा तिढा

तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी विदर्भाचा दौरा करून १ जुलै २००६ रोजी अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले, तेव्हा एखाद्या राज्याच्या अंतर्गत भागासाठी केंद्राने एवढी मोठी रक्कम बाजूला काढण्याचे प्रसंग विरळाच होते. राज्य सरकारने त्याआधी, डिसेंबर २००५ मध्ये, याच सहा जिल्ह्यांसाठी १,०७५ कोटींचे पॅकेज दिले होते. दोन्ही मिळून जवळपास पाच हजार कोटी रुपये कागदावर आले. त्याच वर्षी, म्हणजे २००६ मध्ये, राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाने महाराष्ट्रात ४,४५३ शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची नोंद केली. याच विभागाचा २०२२ चा राज्याचा आकडा ४,२४८ आहे. नंतरच्या आकड्यात शेतमजुरांचाही समावेश असल्याने दोहोंची थेट तुलना करता येत नाही. परंतु दीड दशकानंतरही आकडा चार हजारांच्या वर होता, हे नाकारण्यात अर्थ नाही.

मग केंद्राचा पैसा गेला कुठे, असा प्रश्न शहरी करदाता विचारतो. मुळात पैसा आलाच किती, असा प्रतिप्रश्न विदर्भातून येतो. हा वाद केवळ विदर्भाचा नाही. बुंदेलखंड, ओडिशातील कालाहांडी-बोलांगीर-कोरापूट हा पट्टा, बिहार, मराठवाडा अशा प्रत्येक ठिकाणी तो आपापल्या परीने झडत आला आहे. मागे पडलेल्या ग्रामीण प्रदेशाला संघराज्याने मदत करावी की नाही, यावर फारसे दुमत नाही. खरे मतभेद आहेत ते मदत कोणाच्या हाती द्यावी, कोणत्या मापाने मोजावी आणि कशासाठी द्यावी, याबाबत.

पॅकेजच्या पोटात

'३,७५० कोटी' हा आकडा वृत्तपत्रांच्या मथळ्यांत झळकला, तेव्हा सर्वसामान्य वाचकाच्या डोळ्यांसमोर शेतकऱ्याच्या हाती पडणारी रोकड आली असावी. प्रत्यक्षात त्यातील सर्वांत मोठा हिस्सा, २,१७७ कोटी रुपये, सिंचन प्रकल्प पुरे करण्यासाठी होता. तीन वर्षांत सुमारे १.६ लाख हेक्टर क्षेत्र ओलिताखाली आणण्याचे उद्दिष्ट त्यामागे होते. ७१२ कोटी रुपये थकीत कर्जावरील व्याज माफ करण्यासाठी होते. म्हणजे दर चार रुपयांतील तीन रुपये धरण-कालवे आणि बँकांचे व्याज या दोनच खात्यांत गेले. उरलेल्या एका रुपयात पाणलोट व बंधारे (२४० कोटी), फलोत्पादन (२२५ कोटी), बियाणे बदल (१८० कोटी), ठिबक व तुषार सिंचन (७८ कोटी) आणि दुभत्या जनावरांसारखे जोडधंदे बसवले होते. प्रत्येक जिल्हाधिकाऱ्याकडे अडल्यानडल्यांसाठी पंतप्रधान साहाय्य निधीतून ५० लाख रुपये ठेवण्यात आले. शेतकऱ्याच्या हाती थेट रोख पडू शकेल अशी पॅकेजमधील रक्कम काय ती एवढीच.

सिंचनावर भर देणे चुकीचे नव्हते. पश्चिम विदर्भातील कापूस बहुतांशी कोरडवाहू आहे, आणि जून-जुलैतील एका खंडाने दुबार पेरणीची पाळी येते, हे तेथील प्रत्येक शेतकरी जाणतो. मात्र धरणाचे काम आणि सावकाराचे देणे यांची घड्याळे वेगवेगळी चालतात. ज्या कुटुंबाला येत्या पोळ्यापर्यंत तग धरायचा आहे, त्याला पाच वर्षांनी येणाऱ्या कालव्याचा उपयोग तूर्त शून्य असतो. आणि विदर्भातील कालवे पाच वर्षांत येतात, असा अनुभवही नाही.

व्याजमाफीचा भार केंद्र आणि राज्य यांनी निम्मा-निम्मा उचलला. थकलेल्या मुद्दलाचे हप्ते पाडून दिले गेले आणि त्यामुळे खातेदार पुन्हा कर्जास पात्र ठरला. बँकेच्या दृष्टीने ही मोठीच सोय होती. बुडीत निघालेले खाते पुन्हा सुरळीत झाले आणि व्याज सरकारकडून मिळाले. परंतु जो शेतकरी बँकेच्या दारात कधी उभाच राहिला नव्हता, कृषी सेवा केंद्राच्या उधारीवर बियाणे-औषधे आणत होता किंवा सावकाराकडे शेत गहाण टाकून बसला होता, त्याचे नाव या हिशेबात कुठेच नव्हते. जमीन मक्त्याने वा बटईने कसणाऱ्याचे तर सातबाऱ्यावरही नाव नसते.

दुभत्या जनावरांची कथा त्या काळात बरीच गाजली. निम्म्या अनुदानावर संकरित गाई देण्याची कल्पना कागदावर आकर्षक होती. पण यवतमाळच्या उन्हाळ्यात जिथे माणसांना टँकरने पाणी, तिथे रोज हिरवा चारा मागणारी गाय पोसायची कशी, आणि दूध घातले तरी संकलन केंद्र किती कोसांवर, याचा विचार आधी झाला नव्हता. पश्चिम महाराष्ट्रात दूधधंदा उभा राहिला तो आधी संघ, शीतकरण केंद्रे आणि उसाच्या वाढ्यांचा चारा होता म्हणून. गाय नंतर आली. येथे क्रम उलटा झाला. अनेकांना गाय विकून मोकळे व्हावे लागले. डॉ. नरेंद्र जाधव यांच्या एकसदस्यीय समितीनेही २००८ मध्ये पॅकेजांच्या अंमलबजावणीतील त्रुटी दाखवून दिल्या.

याच काळात प्रशासनात एक शब्दप्रयोग रूढ झाला: 'पात्र आत्महत्या' आणि 'अपात्र आत्महत्या'. जानेवारी २००६ च्या शासन निर्णयानुसार मृताच्या कुटुंबास एक लाख रुपये मिळत. त्यातील ३० हजार तातडीने आणि उर्वरित ठेवीच्या रूपाने. त्यासाठी मृताच्या नावे वा कुटुंबाच्या नावे जमीन, बँकेचे अथवा परवानाधारक सावकाराचे कर्ज आणि परतफेडीचा तगादा, हे सारे सिद्ध व्हावे लागे. मदत द्यायची तर निकष हवेत, हे प्रशासकीयदृष्ट्या बरोबरच आहे. पण निकषाच्या एका ओळीने एखाद्या विधवेचे दुःख 'अपात्र' ठरते, तेव्हा निकष बनवणाऱ्याने तो शब्द तरी बदलावा एवढी अपेक्षा गैर म्हणता येणार नाही.

दोन हेक्टरची रेघ

पॅकेज पुरे पडत नाही, असा सूर वाढत गेला आणि २९ फेब्रुवारी २००८ च्या अर्थसंकल्पात पी. चिदंबरम यांनी देशव्यापी कर्जमाफी जाहीर केली. सुरुवातीचा आकडा ६० हजार कोटींचा होता, पुढे तो ७१ हजार कोटींच्या वर नेण्यात आला आणि प्रत्यक्षात सुमारे ५२ हजार कोटी रुपयांचा लाभ दिला गेला. दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यास थकीत कर्जाची पूर्ण माफी आणि त्यावरील शेतकऱ्यास तीन चतुर्थांश रक्कम भरल्यास उरलेली माफ, असा त्याचा सांगाडा होता.

देशभर लागू होणारी सरळ रेघ वेगवेगळ्या जमिनींवर कशी वेगळी पडते, याचे याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण. कोल्हापूर वा सांगली जिल्ह्यात पाटपाण्याखालील चार एकर ऊस असलेला शेतकरी कागदोपत्री अल्पभूधारक ठरला आणि त्याची थकबाकी पूर्ण माफ झाली. यवतमाळात आठ एकर कोरडवाहू कापूस पेरणारा, ज्याच्या आठ एकरांचे उत्पन्न त्या चार एकरांच्या पासंगालाही पुरत नाही, तो 'इतर शेतकरी' झाला. आधी तीन चतुर्थांश भर, मग सवलत घे, असे त्याला सांगण्यात आले. भरायला पैसे असते तर तो थकबाकीदार कशाला झाला असता? अवर्षणप्रवण भागांतील अशा शेतकऱ्यांसाठी किमान २० हजार रुपयांच्या सवलतीची तरतूद नंतर घालण्यात आली, पण मूळची रेघ तशीच राहिली. पुढे मार्च २०१३ मध्ये नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा अहवाल आला, तेव्हा तपासलेल्या खात्यांपैकी २२.३२ टक्के खात्यांत काही ना काही चूक आढळली: कुठे पात्र शेतकरी वगळला गेला, तर कुठे अपात्राला लाभ मिळाला.

श्रीमंत राज्यातील गरीब जिल्हा

येथे मूळ प्रश्नाकडे वळावे लागते. केंद्राकडून राज्यांना पैसा जातो तो मुख्यतः वित्त आयोगाने ठरवलेल्या सूत्राने. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी केंद्रीय करांच्या विभाज्य निधीतील ४१ टक्के वाटा राज्यांना दिला आणि तो आपसांत वाटताना सर्वाधिक, म्हणजे ४५ टक्के, वजन दरडोई उत्पन्नातील तफावतीला दिले. जे राज्य जितके गरीब, त्याला तितके अधिक. तत्त्व निर्विवाद आहे. या सूत्रानुसार बिहारला १०.०५८ टक्के आणि महाराष्ट्राला ६.३१७ टक्के वाटा मिळाला. २०११ च्या जनगणनेत देशाच्या लोकसंख्येत महाराष्ट्राचा हिस्सा नऊ टक्क्यांहून अधिक होता.

'मुंबई कमावते आणि दिल्ली उडवते' ही तक्रार यातूनच जन्माला येते. परंतु त्यात एक गोष्ट विसरली जाते. सूत्राला दिसते ती राज्याची सरासरी. मुंबई, ठाणे आणि पुणे यांचे उत्पन्न गडचिरोली, नंदुरबार आणि वाशीमच्या उत्पन्नात मिसळले की येणारी सरासरी देशात वरच्या क्रमांकाची असते. त्या सरासरीच्या आड गडचिरोली नाहीशी होते. रघुराम राजन समितीने २०१३ मध्ये राज्यांच्या मागासलेपणाचा निर्देशांक तयार केला, तेव्हा महाराष्ट्राची गणना गोवा, केरळ, तामिळनाडू यांच्यासमवेत तुलनेने विकसित अशा सात राज्यांत झाली. कोरची किंवा धडगावच्या माणसाला ही बातमी कळली असती, तर त्याला तिचे बरेच नवल वाटले असते.

विशेष म्हणजे, केंद्रीय मदतीला सूत्राची शिस्त लावणारा माणूस महाराष्ट्राचाच होता. गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संस्थापक-संचालक धनंजयराव गाडगीळ नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष असताना १९६९ मध्ये 'गाडगीळ सूत्र' स्वीकारले गेले. तोवर कोणत्या राज्याला किती, हे बऱ्याच अंशी दिल्लीतील वजनावर ठरे. गाडगिळांनी ६० टक्के वजन लोकसंख्येला दिले आणि उरलेले दरडोई उत्पन्न, करवसुलीचा प्रयत्न, अपुरे मोठे प्रकल्प आणि खास अडचणी यांत समान वाटले. आसाम, नागालँड आणि जम्मू-काश्मीर यांना वेगळा दर्जा मिळाला. त्यांना ९० टक्के मदत अनुदान म्हणून आणि १० टक्के कर्ज म्हणून मिळे. इतर राज्यांना ३० टक्के अनुदान आणि ७० टक्के कर्ज. त्याच गाडगिळांनी प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांच्या सहकारी साखर कारखान्याला बळ दिले होते. सूत्राने वाटलेला पैसा आणि शेतकऱ्यांनी स्वतःच्या भागभांडवलातून उभी केलेली संस्था, या दोन्हींवर एकाच माणसाचा विश्वास होता. पुढच्या पिढ्यांनी पहिली गोष्ट दिल्लीकडे आणि दुसरी पश्चिम महाराष्ट्राकडे ठेवली. विदर्भात मात्र यातील कोणतीच नीट रुजली नाही.

केंद्राच्या धोरणांनी नेहमी गरिबांकडेच पैसा वळवला, असेही नाही. १९५२ पासून सुमारे चार दशके कोळसा आणि पोलाद यांच्या वाहतूक भाड्याचे समानीकरण करण्यात आले. झारखंडच्या खाणीतील कोळसा आणि तेथीलच पोलाद मुंबईच्या कारखानदाराला जवळपास त्याच भावात मिळू लागले. खाणीशेजारी कारखाना काढण्याचे कारणच उरले नाही. त्याचा फायदा ज्या बंदरकाठच्या राज्यांना झाला, त्यांत महाराष्ट्र आघाडीवर होता. बिहारला जादा वाटा का, असे विचारताना हा जुना हिशेबही मांडायला हवा.

अनुशेषाची भाषा

महाराष्ट्र दिल्लीकडे जी तक्रार करतो, तीच तक्रार विदर्भ आणि मराठवाडा मुंबईकडे करतात. तिला 'अनुशेष' हा अगदी मराठी शब्द आहे. १९५३ च्या नागपूर करारात विदर्भ-मराठवाड्याला न्याय्य वाटा देण्याचे आश्वासन होते. १९५६ मध्ये घटनेत ३७१ (२) हे कलम आले. त्यानंतर तीन दशकांनी, वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने १९८४ मध्ये पहिल्यांदा रुपयांत हिशेब मांडला: एकूण अनुशेष ३,१८६.७८ कोटी; त्यात विदर्भाचा १,२४६.५५ कोटी, मराठवाड्याचा ७५०.८५ कोटी आणि उर्वरित महाराष्ट्राचा १,१८९.३८ कोटी. उर्वरित महाराष्ट्रातही कोकण आणि दुष्काळी तालुके आहेत, हे या आकड्यांनी दाखवले. पण ते वाक्य फारसे कुणी उद्धृत केले नाही.

वैधानिक विकास मंडळे स्थापन व्हायला १९९४ चा १ मे उजाडला. निर्देशांक व अनुशेष समितीने १९९४ च्या स्थितीवर केलेली मोजणी सुमारे १४ हजार कोटींपर्यंत गेली. म्हणजे दहा वर्षांत अनुशेष भरण्याऐवजी चौपटीहून अधिक झाला. भाववाढ आणि विकसित भागांची पुढची धाव, ही त्याची दोन कारणे. २००१ नंतर राज्यपालांनी निधीवाटपाचे निर्देश देण्यास सुरुवात केली. विजय केळकर समितीने २०१३ मध्ये जिल्ह्यापेक्षा तालुका हे एकक धरण्याकडे लक्ष वेधले. मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. सप्टेंबर २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्यांच्या पुनर्गठनाचा निर्णय घेतला, परंतु त्यासाठी राष्ट्रपतींच्या आदेशाची, म्हणजे पुन्हा दिल्लीचीच, वाट पाहावी लागते.

पैसा आहे, जमीन नाही

निधी दिला म्हणजे काम झाले, या समजुतीला छेद देणारे उदाहरण पूर्व विदर्भात आहे. भंडारा जिल्ह्यात पवनीजवळ वैनगंगेवर गोसीखुर्द प्रकल्पाचे भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाले. मूळ अंदाज ३७२ कोटींचा आणि उद्दिष्ट अडीच लाख हेक्टरचे. केंद्राने तो राष्ट्रीय प्रकल्प ठरवून सिंचनाच्या उर्वरित खर्चाचा ९० टक्के भार उचलण्याचे मान्य केले, तेव्हा २००९ साल उजाडले होते. नंतर खर्चाचा अंदाज १८ हजार कोटींच्या पुढे गेला.

भूसंपादन, पुनर्वसन, कालव्यांच्या कामांचा दर्जा आणि चौकशा ही कारणे सर्वांना ठाऊक आहेत. तुलनेने कमी चर्चिले गेलेले कारण म्हणजे झुडपी जंगल. मध्य प्रांताच्या महसुली दप्तरांत खुरट्या झुडपांची गायरान जमीन म्हणून नोंदलेल्या या जमिनी १९८० च्या वन संवर्धन कायद्याच्या कक्षेत आल्या आणि पूर्व विदर्भातील कालवा, रस्ता, शाळा, स्मशानभूमी, सारेच वनमंजुरीच्या रांगेत उभे राहिले. सुमारे ८६ हजार हेक्टर जमिनीचा हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. २२ मे २०२५ रोजी न्यायालयाने झुडपी जंगल ही वनजमीनच असल्याचे ठरवले, मात्र डिसेंबर १९९६ पूर्वी झालेल्या वाटपांना संरक्षण देण्याचा मार्ग खुला ठेवला. अनुशेषाच्या रकमेत अशा अडथळ्यांना कोष्टकच नव्हते. तरतूद व्हायची, खर्च व्हायचा नाही, आणि मार्चअखेर 'विदर्भाला पैसा खर्च करता येत नाही' असा शेरा तेवढा मिळायचा.

बुंदेलखंडाचा अनुभव दुसऱ्या टोकाचा आहे. नोव्हेंबर २००९ मध्ये उत्तर प्रदेशातील सात आणि मध्य प्रदेशातील सहा जिल्ह्यांसाठी ७,२६६ कोटींचे पॅकेज मंजूर झाले. तेथे बांधकाम झाले. बाजार समित्यांची प्रशस्त आवारे उभी राहिली. त्यांतील कित्येक रिकामीच राहिली, कारण शेतकरी आपला माल गावच्या व्यापाऱ्याकडेच, घेतलेल्या उचलीपोटी, घालत होता. इमारत बांधणे सरकारला जमते. त्या उचलीचे काय करायचे, हे कोणत्याच पॅकेजने सांगितले नाही.

माणसाला की प्रदेशाला?

अर्थशास्त्रज्ञांतील जुना वाद असा, की मदत प्रदेशाला द्यावी की माणसाला? अमेरिकेत १९६५ मध्ये अॅपलाचियन पर्वतराजीतील कोळसा पट्ट्यासाठी केंद्र आणि तेथील राज्यांचे गव्हर्नर यांचा संयुक्त आयोग स्थापन झाला. सुरुवातीचा बहुतांश पैसा महामार्गांत गेला. त्या रस्त्यांवरून उद्योग आत येतील की तरुण बाहेर जातील, यावर तेथे अजूनही वाद आहे. एक पक्ष म्हणतो की, माणसाला शिक्षण आणि पैसा द्या, तो जिथे काम असेल तिथे जाईल. दुसरा म्हणतो की, सगळेच जाऊ शकत नाहीत. जे मागे राहतात ते म्हातारे, आजारी आणि कर्जबाजारीच.

महाराष्ट्राला हा वाद परदेशातून आणण्याची गरज नाही. १९७२ च्या दुष्काळातून वि. स. पागे यांच्या कल्पनेची रोजगार हमी योजना उभी राहिली आणि तिचा खर्च भागवण्यासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर लागू झाला. शहरातील पगारदाराच्या पावतीवर दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपयांची जी कपात दिसते, तिचा उगम तिथे आहे. नागरी नोकरदाराने ग्रामीण मजुराच्या कामासाठी दिलेला हा सरळ हिस्सा होता. हमी माणसाला होती, पण काम त्याच्याच शिवारात नालाबांध, पाझर तलाव अशा रूपाने व्हायचे. त्यामुळे प्रदेशालाही त्यातून काही लाभे. याच धर्तीवर २००५ चा केंद्रीय रोजगार हमी कायदा आला आणि अकुशल मजुरीचा पूर्ण भार केंद्राने घेतला. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी मंजूर केलेल्या नव्या कायद्यात हमीचे दिवस १०० वरून १२५ झाले, पण बहुतेक राज्यांसाठी खर्चाची विभागणी ६०:४० ठेवण्यात आली. म्हणजे दिवस वाढवण्याचे श्रेय केंद्राचे, आणि ४० टक्क्यांची तजवीज करणे राज्याचे. ज्या राज्याच्या तिजोरीत खडखडाट आहे, तिथेच अशा कामाची मागणी जास्त असते.

२०१९ पासूनची वार्षिक सहा हजार रुपयांची किसान सन्मान निधी योजनाही माणसालाच पैसे देते, आणि ते थेट खात्यात जमा होतात. दलाल गेला, हे खरे. पण ते खाते जमीनधारकाचे असते. बटईदार आणि मजूर पुन्हा बाहेरच.

या साऱ्यांत वेगळा ठरलेला प्रयत्न म्हणजे मागास क्षेत्र अनुदान निधी. फेब्रुवारी २००७ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत देशातील २५० जिल्हे होते, महाराष्ट्रातील बारा. त्यांत गडचिरोली, नंदुरबार, हिंगोली, यवतमाळ यांचा समावेश होता. वर्षाला किमान दहा कोटी आणि वर लोकसंख्या-क्षेत्रफळानुसार रक्कम, असे स्वरूप होते. रक्कम मोठी नव्हती. तिचे महत्त्व असे, की ती कोणत्याही ठरावीक योजनेला बांधलेली नव्हती. जिथे जी उणीव, ती भरायची, आणि ती उणीव ग्रामसभेने व जिल्हा नियोजन समितीने सांगायची. आराखडे उशिरा येत, उपयोगिता प्रमाणपत्रे अडकत, अंगणवाड्यांच्या खोल्या आणि गावरस्ते यांपलीकडे कल्पना जात नसत, हे दोष होतेच. तरी केंद्राचा पैसा राज्याच्या सरासरीला वळसा घालून थेट गरीब जिल्ह्याकडे जाण्याची ती वाट होती. चौदाव्या वित्त आयोगाने राज्यांचा वाटा ३२ वरून ४२ टक्क्यांवर नेला आणि २०१५-१६ च्या अर्थसंकल्पात केंद्राने या निधीतून अंग काढून घेतले. राज्यांना अधिक दिले आहे, आता त्यांनीच आपल्या मागास भागांचे पाहावे, हा युक्तिवाद तर्काला धरून होता. फक्त राज्यांनी तसे पाहिलेच पाहिजे, असे बंधन कुठेही नव्हते. ग्रामपंचायतींना त्याच आयोगाने पाच वर्षांत दोन लाख कोटींहून अधिक दिले, तेही मुख्यतः लोकसंख्येच्या प्रमाणात. २०१८ च्या आकांक्षित जिल्हा कार्यक्रमात नंदुरबार, वाशीम, गडचिरोली आणि तेव्हाचे उस्मानाबाद निवडले गेले. त्यात भर आहे तो क्रमवारीवर आणि चालू योजना एकत्र आणण्यावर. अडीचशे जिल्ह्यांना मिळत होता तसा मुक्त निधी त्यात नाही.

पॅकेज आणि भाव

विदर्भातील शेतकरी संघटना २००६ मध्येही एक गोष्ट सांगत होत्या: पॅकेज नको, भाव द्या. ती घोषणा म्हणून सोडून देण्याजोगी नव्हती. २००८-०९ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव २,०३० वरून थेट ३,००० रुपये क्विंटल करण्यात आला. त्या एका निर्णयाने कापूस विकणाऱ्या प्रत्येक घरात पैसा गेला. पात्र-अपात्रतेचा अर्ज भरावा लागला नाही. अर्थात हमीभावालाही मर्यादा आहेत. खरेदी केंद्र वेळेत उघडले तरच तो भाव आणि तोही विकायला कापूस पिकला तरच. अतिवृष्टीत बोंडे सडलेल्याला त्याचा काय उपयोग? राज्यात १९७२ पासून सुमारे तीन दशके एकाधिकार कापूस खरेदी चालली, ती शेवटी तोट्याच्या डोंगराखाली दबली, हा अनुभवही विसरता येत नाही.

मूल्यवर्धनाचा मार्ग त्याहून टिकाऊ, पण त्याची गती सावकाश. विदर्भाचा कापूस आजही मुख्यतः गाठींच्या रूपाने बाहेर जातो. मार्च २०२३ मध्ये केंद्राने निवडलेल्या सात वस्त्रोद्योग उद्यानांत अमरावतीचा समावेश झाला. सातही उद्यानांसाठी मिळून तरतूद ४,४४५ कोटींची आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याची पायाभरणी झाली. सूतगिरण्या आणि कापड गिरण्या एकेकाळी याच भागात होत्या व बंद पडल्या, हे लक्षात घेता तेथील लोकांनी उत्साह जरा राखूनच ठेवला आहे.

दरम्यान, एका मंत्रालयाची मदत दुसऱ्या मंत्रालयाच्या अधिसूचनेने कशी पुसली जाते, हे २०२५ च्या हंगामाने दाखवले. कापसावरील ११ टक्के आयात शुल्क ऑगस्टमध्ये आधी ३० सप्टेंबरपर्यंत आणि नंतर ३१ डिसेंबरपर्यंत उठवण्यात आले. अमेरिकेच्या वाढीव शुल्काने अडचणीत आलेल्या कापड उद्योगाला दिलासा, हे त्याचे कारण होते आणि तिरुपूर-इचलकरंजीच्या दृष्टीने ते वाजवीही होते. मात्र विदर्भातील पहिली वेचणी नेमकी याच काळात बाजारात येते. लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये असताना खुल्या बाजारातील दर त्याखाली राहिले आणि शेतकऱ्याला भारतीय कापूस महामंडळाच्या केंद्राची वाट धरावी लागली. त्यासाठी 'कपास किसान' या मोबाइल अॅपवर आधी नोंदणी आवश्यक होती. कापसातील ओलावा १२ टक्क्यांवर गेल्यास खरेदी नाही आणि आठ टक्क्यांवर गेल्यास भावात कपात, हा नियमही लागू होता. परतीच्या पावसाने भिजलेला कापूस घरात वाळत घालायला जागा नसलेल्यांनी तो ओला असतानाच, मिळेल त्या दराने, गावातच घातला.